समाजमंदिराचं कुलूप उघडा: आमच्या ग्रामपंचायतीला आणि गावकऱ्यांना खुलं पत्र

मा. सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामसभेला बसलेले माझे भाऊबंद,

सप्रेम रामराम.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी मागच्या भिंतीला टेकून बसलो होतो. विषय पत्रिकेत नव्हता, आयत्या वेळी निघाला. ठरलं ते असं: लसीच्या दिवशी मळ्यांतल्या पावरा आदिवासी मजुरांची पोरं समाजमंदिरात आणायची नाहीत, अंगणवाडीतही बसवायची नाहीत. श्रावणात गावात गोवर आला तो त्यांच्या पोरांमुळे आला, हे कारण. हात वर झाले. माझा हात वर गेला नाही, पण मी उठून बोललोही नाही. ते गिळलेलं बोलणं तेव्हापासून घशात अडकून बसलंय.

म्हणून हे पत्र. एक प्रत ग्रामपंचायतीत आवक शिक्का मारून दिली आहे, आणि हे सगळ्यांसाठी उघडं करतो आहे. गावाचं नाव लिहीत नाही. तापीकाठचं, केळी-कापसाचं गाव एवढं पुरे. खान्देशात अशी गावं पुष्कळ आहेत आणि असे ठरावही फक्त आपल्याकडेच होतात असं मला वाटत नाही.

गोवर कुठून आला ते आधी सांगतो. बहुतेक माझ्या घरातून आला.

माझा धाकटा सुरतेला साडीच्या कारखान्यात असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. श्रावणात कानबाईच्या सणाला तो घरी आला, शुक्रवारी, तापी लाइनच्या गाडीने, उभ्याने. अंगात ताप, डोळे लाल, नाक वाहतंय. आम्हाला वाटलं प्रवास बाधला. रविवारी कानबाई बसली, रात्री जागरण, आणि त्याच दिवशी त्याच्या कानामागून पुरळ उठायला लागलं. शेजारची आजी म्हणाली घामोळ्या. अख्खी भाऊबंदकी रोटाच्या जेवणाला जमलेली, तीस-पस्तीस माणसं एका खोलीत, आणि माझी नात, मोठ्याची मुलगी, सात महिन्यांची, तिच्या काकाच्या कडेवर. सोडतच नव्हती त्याला.

अकराव्या दिवशी तिला ताप भरला. म्हातारी म्हणाली, "माय येनी शे, घरमा फोडनी देऊ नका." गोवर आला म्हणजे घरात देवी आली, असं आमच्याकडे मानतात. दाराला कडुनिंब लागला. मी फोडणी बंद केली, निंबही लावला, त्याबद्दल कुणाला दोष देत नाही. पण तिचा श्वास भाता चालावा तसा चालायला लागला तेव्हा तिला जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. डॉक्टरांनी टॉर्च मारून तिचा गाल आतून दाखवला: लाल गालावर मिठाचे बारीक कण सांडावेत तसे पांढरे ठिपके. मग न्यूमोनिया. नऊ दिवस ऑक्सिजनची नळी. गोवराच्या विषाणूला मारणारं औषध नाही. जीवनसत्त्व अ चे दोन डोस देतात, न्यूमोनियाला अँटिबायोटिक देतात, बाकी वाट बघायची. ती वाचली. डावा कान अजून वाहतो.

आमच्या गल्लीत आणखी तीन पोरांना झाला. रक्ताचे नमुने नेले, गोवरच निघाला. आणि गावात बोललं गेलं की मळ्यातून आला.

आता माझ्या चुकीकडे येतो. धाकट्याच्या लहानपणी गोवराचा एकच डोस असायचा, नवव्या महिन्यात, तो त्याला दिलेला होता. नवव्या महिन्यातला एक डोस शंभरातल्या पंच्याऐंशी पोरांना लागू पडतो, पंधरांना पडत नाही. अशा सुटलेल्यांसाठीच २०१८ च्या नोव्हेंबरात राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम निघाली, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या पोरांसाठी, शाळाशाळांतून. धाकटा तेव्हा बारा वर्षांचा. शाळेतून चिठ्ठी आली. त्या आठवड्यात मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता, लसीने पोरं बेशुद्ध पडतात, पुढे मूल होत नाही, वगैरे. मी चिठ्ठीवर 'आमची संमती नाही' लिहून सही ठोकली. वर गुरुजींना ऐकवलं की पोरगा माझा आहे. त्या सहीचं बिल सात वर्षांनी आलं, आणि माझ्या नातीच्या नावावर.

ग्रामसभेत एकाने विचारलं होतं, आणि सगळे हसले होते: "तुना पोरले लस शे ना, मंग मना पोरनी भीती कसाले?" लस घेतलेल्याला न घेतलेल्याची भीती का? प्रश्न वेडगळ नाही. मीही सात वर्षांपूर्वी हेच म्हणालो असतो. पण त्याचं उत्तर माझ्या घरात पाळण्यात होतं. नऊ महिन्यांच्या आत ही लस सहसा देत नाहीत, कारण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती बाळाच्या रक्तात असते आणि ती लसीला नीट रुजू देत नाही. तीच प्रतिकारशक्ती सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत विरत जाते. मधल्या फटीत बाळाजवळ आईचंही संरक्षण नाही आणि लसही नाही. तेव्हा त्याच्याभोवतीची माणसं हेच त्याचं कुंपण. त्यांच्यात रोग नसेल तर बाळापर्यंत पोहोचणार कसा? माझ्या नातीच्या कुंपणाला भगदाड होतं ते तिच्या काकाचं, म्हणजे माझं.

बाळं सोडली तरी माणसं उरतात. कॅन्सरचं औषध चालू असलेल्याला ही लस देता येत नाही, गरोदर बाईला देता येत नाही, आणि ज्यांना दिली पण लागू पडली नाही ते कोण हे कपाळावर लिहिलेलं नसतं.

डॉक्टरांनी मला हिशेब मांडून दाखवला, तो तुम्हालाही दाखवतो. कुणाजवळच प्रतिकारशक्ती नसेल तर गोवराचा एक रोगी १२ ते १८ जणांना रोग देतो. १८ धरा. साथ विझायची तर एका रोग्याकडून एकाच्या वर माणसाला रोग जाता कामा नये, म्हणजे त्या १८ मधले १७ आधीच सुरक्षित हवेत. १८ त १७, शंभरात साडेचौऱ्याण्णवच्या घरात. गोवरासाठी ९५ टक्के म्हणतात ते इथून येतं. आता बघा: गावात शंभर पोरं आहेत, नव्वदांना दोन्ही डोस झालेत, आपण म्हणू 'नव्वद टक्के, झकास.' दोन डोस शंभरात सत्त्याण्णवांना लागू पडतात. नव्वदातले सत्त्याऐंशी सुरक्षित, तेरा उघडे. आणि ते तेरा गावभर पेरलेले नसतात. एका गल्लीत, एका भाऊबंदकीत, एका शेडमध्ये गोळा असतात, कारण लस चुकण्याचं किंवा नाकारण्याचं कारणही त्यांचं एकच असतं. रोगी खोलीतून निघून गेला तरी विषाणू त्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून तो पसरवायला लागतो. आमची खोली आठवा, कानबाईची.

फरदड ठेवणाऱ्याला आपण काय म्हणतो? वेचणी संपल्यावर चार पैशांसाठी एकाने कपाशी उभी ठेवून पाणी दिलं, की गुलाबी बोंडअळी तिथे मजेत राहते आणि पुढच्या हंगामात अख्ख्या शिवाराची बोंडं किडतात. त्याने 'शेत माझं, मर्जी माझी' म्हटलं तर आपण ऐकून घेतो का? मागे याच समाजमंदिरात आपण त्यावरून दोन तास भांडलो होतो. कपाशीचं जे पटतं ते पोरांचं का पटू नये, हे मला खरंच कळत नाही. मात्र एक फरक ध्यानात ठेवा: शिवाराची अळी आटोक्यात ठेवायची तर प्रत्येक शेत धरावं लागतं, मग ते गावकऱ्याचं असो की बटाईने केलेलं बाहेरच्याचं. आपण ठराव केला तो उलटा. ज्या शेतात जायचं तेच वगळलं.

दुसरं उदाहरण याच कुपीतलं. गोवराबरोबर रुबेलाची लस असते आणि ती मुलांनाही देतात, मुलींनाही. मुलाला रुबेला झाला तर दोन-तीन दिवस ताप-पुरळ, बस. खरा घात होतो पोटुशीला झाला तर: बाळ बहिरं, डोळ्यांत मोतीबिंदू, हृदयात दोष. मग मुलग्याला टोचायचं कशाला? त्याची आई, वहिनी, मावशी, शाळेतल्या बाई यांच्यापैकी कुणीतरी पोटुशी असेल म्हणून. दुसऱ्यासाठी स्वतःच्या दंडात सुई घेणं याहून सरळ कुठे दिसत असेल तर सांगा.

म्हाताऱ्यांना देवीचा रोग आठवत असेल. माझ्या दंडावर देवीच्या लसीचा वण आहे, माझ्या पोरांच्या दंडावर नाही; त्यांच्या दंडावर दिसतो तो बीसीजीचा. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी नाही आणि १९८० मध्ये जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. माझ्या पोरांनी देवीची लस घेतलीच नाही, तरी त्यांना देवी येणार नाहीत, कारण त्यांच्या आधीच्यांनी घेतली. पोलिओचंही बघा. देशातला शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमध्ये, हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपण पोलिओमुक्त ठरलो. तेव्हा रविवारी बूथ लागायचे, करंगळीला शाई लागायची, आणि जी पोरं घरात नसत त्यांच्यासाठी स्टेशनांवर, चालत्या गाड्यांत, वीटभट्ट्यांवर, पालांवर माणसं जायची. डोस पाजण्याआधी कुणी विचारलं नाही की पोरगं कुठल्या ग्रामपंचायतीचं.

आता 'कोरोनाची लस घेऊनही कोरोना झालाच की' याचं. खरं आहे, झाला. त्या लसीने मरणं आणि दवाखान्यात पडणं कमी केलं, पण दुसऱ्याला रोग देणं तिने अर्धवटच रोखलं आणि तेवढंही काही महिन्यांत ओसरलं. विषाणूही रूप बदलत गेला. सगळ्या लसींचं काम एकसारखं नसतं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेणाऱ्यापुरतंच असतं, कारण धनुर्वात माणसाकडून माणसाला होत नाही, तो मातीतून, जखमेतून येतो. बीसीजी लहान पोरांना मेंदूच्या क्षयापासून वाचवते, गावातला क्षय ती थांबवत नाही. म्हणून 'लस म्हणजे समाजाचं कवच' असं सरसकट कुणी म्हणालं तर मीही मान हलवणार नाही. पण गोवराची लस त्या कामात अव्वल आहे. दोन डोस लागू पडले की बहुतेकांना जन्मभर पुरते, आणि ज्याला रोग होत नाही तो दुसऱ्याला देणार कुठून?

सुटलेली पोरं एकाच जागी साठली की काय होतं ते २०२२ च्या हिवाळ्यातल्या गोवराच्या साथीत मुंबईच्या गोवंडीत, भिवंडीत आणि आपल्या शेजारच्या मालेगावात दिसलंच. मालेगाव म्हणजे धुळ्याहून तासाभराची वाट.

आता माझ्या तक्रारी.

पहिली ग्रामसभेबद्दल. ठराव करण्याआधी कुणीही एका मजुराच्या पोराचं कार्ड मागून बघितलं नाही. मी नंतर बघितलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्याकडे साल धरलेल्या सालदाराच्या बायकोने पत्र्याच्या पेटीतून कॅरीबॅगेत गुंडाळलेलं कार्ड काढलं. घडीवर फाटलेलं, चिकटपट्टीने जोडलेलं, दोन्ही डोसांच्या तारखा नीट. माझ्या घरात धाकट्याचं कार्ड शोधलं तर सापडलं नाही. माझ्या मळ्यावरच्या तीन शेडमध्ये पाच वर्षांखालची सहा पोरं आहेत: दोघांचे दोन्ही डोस झालेत, तिघांचा एक, एकाचा एकही नाही. तो एक राहिला कारण त्याच्या नवव्या महिन्यात आईबाप बारडोलीकडे उसाला होते, परत आले तेव्हा इथलं लसीचं सत्र होऊन गेलेलं. त्यांना नको होतं असं नाही. सुई आणि पोरगं एका दिवशी एका गावात सापडलं नाही इतकंच. आणि आता आपण ठरवलंय की सापडूही द्यायचं नाही. रोगाची भीती वाटते म्हणून ज्यांना लस नाही त्यांना लसीपासूनच लांब ठेवायचं! घराला आग लागेल म्हणून विहिरीवर झाकण टाकण्यातला प्रकार.

आरोग्य विभागाबद्दल दुसरी. आमच्या उपकेंद्रात सिस्टरची जागा रिकामी आहे. शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टर इकडचंही बघतात, त्यांना बोल लावणार नाही. आपल्या आशाताई तर पायाला भिंगरी लावून फिरतात. पण सत्राचा दिवस दर महिन्याला सरकतो आणि मजुराला कळतो दुसऱ्या दिवशी. यादी गावठाणातल्या घरांची. शेडमधली पोरं त्या यादीत नाहीत, त्यामुळे कागदावर आपलं गाव नेहमी पूर्ण. आणि आणखी एक, जे मी डोळ्यांनी बघितलं: एका सत्राला गोवराच्या लसीसाठी दोनच पोरं आली, तर 'पुढच्या महिन्यात या' म्हणून परत पाठवली. कारण ही लस पाण्यात कालवली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकावी लागते, आणि वाया गेलेल्या डोसांचा हिशेब द्यावा लागतो. समजतं. पण त्या दोघांतलं एक पोरगं पुढच्या महिन्यात इथे नव्हतं.

तिसरी तक्रार श्रावणातली. गोवर पक्का झाल्यावर गल्लीत एक पाहणी झाली, ती दुपारी, सगळे शेतात असताना. मुंबईत २०२२ च्या साथीत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यायला सांगितलं होतं. आमच्याकडे त्याबद्दल कुणी तोंड उघडलं नाही.

आणि चौथी आपल्याच लोकांबद्दल, ज्यांत मी होतो. गावात पाच-सहा घरं अशी आहेत जी ठरवून लस देत नाहीत. शिकलेली, पोरं इंग्रजी शाळेत. त्यांच्याबद्दल ग्रामसभेत चकार शब्द निघाला नाही. पावऱ्यांबद्दल बोलणं सोपं, ते सभेला नव्हते. या घरांना मी दमदाटी करा म्हणत नाही, मला दमदाटी केली असती तर मी आणखी अडलो असतो. गुरुजींनी एखाद्या संध्याकाळी ओट्यावर येऊन अर्धा तास बसून विचारलं असतं, 'तुम्हाला नेमकी भीती कशाची?', तर मी बहुतेक ऐकलं असतं. ज्याला माझा अनुभव ऐकायचा त्याच्याकडे मी स्वतः जाईन, धाकटाही येईल.

मागण्या एवढ्याच:

२ ऑक्टोबरचा तो निर्णय मागे घ्यावा, तोंडी झाला असला तरी, आणि मागे घेतल्याचं इतिवृत्तात लिहावं. मजुरांच्या पोरांना अंगणवाडी उघडी करावी.

महिन्याचा एक वार पक्का करावा आणि आदल्या संध्याकाळी दवंडी मळ्यांपर्यंत जावी. त्याच दिवशी दुपारनंतर एक फेरी शेडवर, आणि दिवाळीनंतर भट्ट्या पेटल्या की भट्ट्यांवर. गाडीचा खर्च ग्रामपंचायतीने करावा. वर्षाला तो गावजेवणाच्या एका पंगतीएवढाही होणार नाही.

आशाताईंच्या यादीत त्या दिवशी शिवारात असलेलं प्रत्येक पोरगं यावं, गावचं की बाहेरचं हे न विचारता. ज्यांचे डोस राहिलेत त्यांना पाच वर्षांचं होईपर्यंत ही लस देता येते, तेव्हा 'वेळ गेली' म्हणून कुणाला परत पाठवू नये. आणि एकच पोरगं आलं तरी कुपी फोडावी, असं आरोग्य विभागाकडून लेखी आणावं, म्हणजे सिस्टरवर वाया गेलेल्या डोसांचं ओझं राहणार नाही. रिकामी जागा भरण्यासाठी सरपंचांनी स्वतः पाठपुरावा करावा.

दर ग्रामसभेत एक आकडा वाचून दाखवावा: पाच वर्षांखालची किती पोरं, त्यांतल्या किती जणांचे दोन डोस झाले. नावं नकोत, आकडा पुरे. पाणीपट्टीची थकबाकी आपण वाचतोच.

अंगाला ताप-पुरळ असेल तर पुरळ उठल्यापासून चार दिवस त्या माणसाने घरात राहायचं, मग कानबाई असो, लग्न असो की सारंगखेड्याची जत्रा. याला ठराव लागत नाही, आपसांत ठरलं तरी चालेल.

माझी नात आता नऊ महिने पूर्ण करते आहे. गोवर होऊन गेला तरी तिला ही लस द्यायचीच आहे, डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, रुबेला बाकी आहे म्हणून. शिवाय गोवर झालेलं शरीर आधी कमावलेल्या प्रतिकारशक्तीतला बराच भाग विसरतं, म्हणून काही महिने तिला जपायलाही सांगितलंय. दिवाळीनंतर मजूर उसाला जातील, त्याआधी सत्र एकच आहे, या महिन्यातलं.

त्या दिवशी सकाळी आठला माझी पिकअप मळ्यावरून निघेल. मागे शेडमधली चार पोरं आणि त्यांच्या आया, पुढे माझी सून आणि नात. समाजमंदिराची किल्ली उपसरपंचांकडे असते. साडेआठला कुलूप उघडं असावं, एवढी विनंती.

आपलाच,
वरच्या आळीतला एक शेतकरी